गप्प बसलेला कोपरा

स्क्रीनवर चौथ्या खोलीचे सगळे ठिपके सकाळी हिरवे होते. धाकटीला बरं वाटलं. हातातला चहा संपेपर्यंत तिला त्या बरं वाटण्याचीच शंका यायला लागली.

ती शीतगृहाच्या छोट्या ऑफिसात बसली होती. काचेपलीकडे लांब, थंड बोळ आणि त्यात ओळीने सहा जाड दारं. प्रत्येक दारामागे छताच्या जरा खालपर्यंत रचलेली सफरचंदाची लाकडी खोकी. फळ भरलं की दार हवाबंद करायचं, आतला ऑक्सिजन जवळजवळ सगळा काढून टाकायचा, गारवा धरायचा आणि कित्येक महिने दाराला हात लावायचा नाही. फळ आत झोपून राहतं. माणूस आत गेला तर तोही झोपेल, कायमचा. त्यामुळे आत काय चाललंय हे कळायला सेन्सरच लागतात, आणि सेन्सर म्हटलं की त्यांना वीज आली. तारा घातल्या तर भिंतीला भोकं पडून हवा गळते. बॅटऱ्या घातल्या तर थंडीत मरतात, आणि बदलायला आत जाता येत नाही.

धाकटीने यावर तोड काढली होती. चौथ्या खोलीच्या छताखाली एक रूळ, रुळावर सरकणारी आणि मान वळवणारी अँटेना. अँटेना सेन्सरच्या डोक्यावर जाणार, हवेतूनच त्याला वीज पाजणार आणि त्याच्याकडून आतले आकडे घेणार. दाराशेजारी भिंतीवर एक करडा डबा. सगळी आकडेमोड तो तिथल्या तिथे करणार, कारण या आडबाजूला इंटरनेट कधी असे, कधी नसे. नोकरी सोडून, दोन माणसांच्या कारखान्यात तिने हे सगळं उभं केलं होतं.

शीतगृह बागायतदारांच्या संघाचं. ते चालवत होती तिची ताई. ताईने शब्द टाकला म्हणून संघाने एक खोली दिली. अट सरळ होती: मोसम संपेपर्यंत दार उघडावं लागू नये. आज अर्ध्या मोसमाची पाहणी होती. दुपारी अध्यक्षबाई येणार, खोलीची तब्येत बघणार आणि पुढच्या हंगामासाठी बाकीच्या पाच खोल्या धाकटीला द्यायच्या की नाही, ते सांगणार.

आणि उजव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यातले तीन ठिपके फार शहाण्यासारखे वागत होते.

एकेक ठिपका म्हणजे एक सेन्सर, आणि बाकीच्यांचे आकडे चुळबुळ करत. कधी इतके, कधी तितके, अगदी दशांशात का होईना. हे तिघे मात्र शेजाऱ्यांच्या बरोबर मधोमध बसलेले. शेजारी किंचित वर सरकला की हे निम्मे वर. तो खाली आला की हे निम्मे खाली. धाकटी पुढे वाकली. तिने स्क्रीनवरचं सुबक चित्र बाजूला सारलं आणि डब्यात येणारे कच्चे आकडे उघडले.

त्या तिघांकडून काहीच आलं नव्हतं. काल नाही, परवा नाही. आठवडा मागे गेली तरी नाही.

तिने डब्याला दिलेले नियम उघडले.

एखादा सेन्सर क्षणभर चुकला तर स्क्रीनवर भोक दिसू नये, म्हणून तिने डब्याला शिकवून ठेवलं होतं: शेजाऱ्यांवरून अंदाज कर आणि जागा भर. डब्याने इमानेइतबारे जागा भरली होती. क्षणभर नव्हे, आठवडाभर. आणि वर हिरवा रंग दिला होता.

दुसरा घोळ अँटेनाचा. ती उगाच फेऱ्या मारत बसू नये म्हणून नियम असा होता की ज्याची वीज कमी होईल त्याने हाक मारायची, अँटेना त्याच्याकडे जाईल. या नियमाचा तिला अभिमान होता. आता तिला दिसलं की हाक मारायलाही थोडी वीज लागते. कोपऱ्यातले तिघे एकदा इतके खंगले, की हाक मारायचंही त्राण उरलं नाही. हाक नाही म्हणजे पोट भरलेलं आहे, असं समजून अँटेना तिकडे फिरकलीच नव्हती.

"काय गं, सकाळी सकाळी चेहरा असा का?" ताई दारातून आत आली. तिच्यामागे गारठाकाका. खरं नाव काय ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक; थंडीची यंत्रं सांभाळतात आणि उन्हाळ्यातही मफलर काढत नाहीत, म्हणून सगळे त्यांना गारठाकाका म्हणत.

धाकटीने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. ताईने ऐकलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली.

"पण बाकीचे बोलतायत ना? आणि ते सगळे ठीक आहेत."

"ते ठीक आहेत. कोपऱ्याचं काय ते मला माहीत नाही."

"अगं, एकाच खोलीतला कोपरा. तिथे काय वेगळं हवामान असणार?"

"हे तिघे खंगले का, तेच कळत नाहीये मला. खोली बंद केली त्या दिवशी तिथे भरपूर वीज पोचत होती. मी स्वतः मोजली होती."

गारठाकाकांनी मफलर सारखा केला. "मोजल्यावर खोकी चढवली ना आपण," ते ताईकडे न बघता म्हणाले.

"कुठली खोकी?" धाकटीने विचारलं.

ताईने काकांकडे असं पाहिलं की दुसरा असता तर मफलरात तोंड लपवून पळाला असता. "शेवटच्या गाडीत थोडा माल जास्त आला. कोपऱ्यात जागा होती. एक थर वर लावला. फळ काय उन्हात ठेवू?"

"ताई! सफरचंद म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. ज्या लहरींतून वीज जाते त्या पिऊन टाकतं ते. तू माझ्या सेन्सरांच्या डोक्यावर हौद ठेवलास."

"मला काय माहीत तुझ्या लहरींना तहान लागते ते! विचारायला तू इथे होतीस का?"

"फोन होता ना."

"फोन होता. गाडी दारात उभी होती, हमाल ओरडत होते, आणि मी तुला फोन करून विचारू, की बाई गं, एक थर लावू का?"

"हो!"

काका खिडकीबाहेर पाहू लागले; तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

ताईच आधी नरमली. "बरं. आता काय करता येतं?"

"अँटेना त्या कोपऱ्यावर नेऊन ठेवायची. ते हाक मारणार नाहीत, आपणच भरवत राहायचं. जागे होईपर्यंत."

"मग ठेव की. पाहुणे गेल्यावर."

"वीज थेंबाथेंबाने जाईल, मधला हौद चुकवून. मध्येच अँटेना हलवली तर साठलेलं सगळं झिरपून जातं. एकदा बसवली की हलवायची नाही, आणि तेवढ्या वेळात बाकीचे उपाशी राहतील. एकेक करून विझतील."

"म्हणजे बाई येतील तेव्हा स्क्रीन काळी?"

"बरीचशी."

"मग दुपारनंतरच कर ना! आठवडाभर कळलं नाही, दोन तासांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

धाकटीने मनातल्या मनात हिशोब केला. ताईचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. दोन तासांत फळाचं काही बिघडणार नव्हतं. अध्यक्षबाई येतील, सगळं हिरवं बघतील, खूश होतील. पाच खोल्यांचं काम मिळेल. कारखान्यातल्या दोघांना ती तोंड दाखवू शकेल. मग सावकाश कोपऱ्याकडे बघता येईल.

"ताई, त्या स्क्रीनवरचे तीन ठिपके खोटे आहेत. मला माहीत नव्हतं तोवर ठीक होतं. आता माहीत असून त्या बाईंसमोर बोट दाखवून 'हे बघा' म्हणू? नाही जमायचं मला."

"नुसते ते तीन काळे दाखव. बाकीचे राहू देत."

"आणि त्या विचारतील, तिथे काय आहे? मी म्हणू, माहीत नाही, पण तुमच्यासाठी शोधायचं थांबवून ठेवलंय?"

ताई उठली. "लहानपणापासून अशीच. एकदा हट्टाला पेटलीस की पेटलीस." दारात ती थांबली. "शब्द मी टाकलाय तुझ्यासाठी, एवढं ध्यानात ठेव."

"ठेवलंय. म्हणूनच."

धाकटीने आधी अंदाज बंद केला. तीन हिरवे ठिपके पटकन काळे झाले. मग ती दाराशेजारच्या डब्यापाशी गेली, लॅपटॉप जोडला आणि जाड काचेच्या छोट्या खिडकीतून आत पाहत अँटेना हाताने चालवायला घेतली.

छताखाली अँटेना हळूहळू मागच्या कोपऱ्याकडे निघाली. सरळ डोक्यावर नेऊन उपयोग नव्हता. वरचा थर छताला जवळजवळ टेकला होता. पण थर आणि भिंत यांच्यामध्ये एक फट होती. त्या फटीतून खाली काही उतरलं तर उतरलं. उतरतंय की नाही हे सांगणारे तिघे मात्र बेशुद्ध.

"अंधारात नेम धरायचा म्हणजे," गारठाकाका म्हणाले. ते यंत्रघरात जायचे सोडून तिच्या मागे येऊन उभे होते.

"अगदी अंधार नाही. त्या कोपऱ्याच्या अलीकडे भिंतीलगत एक जिवंत आहे. फटीतून जे खाली जाईल त्याचा शिंतोडा त्याच्यावर उडेल. त्याला विचारत विचारत जाऊ."

तिने अँटेना वीतभर सरकवली. जिवंत सेन्सर म्हणाला, थोडं. आणखी वीतभर: काहीच नाही. लहरी भिंतीवर आपटून परत येत होत्या आणि काही जागी एकमेकींनाच मारत होत्या. तिने मागे घेतली, मान जराशी भिंतीकडे वळवली, पुन्हा पुढे. थोडं. बरंच. पुन्हा काही नाही. तिची बोटं गारठली. काकांनी न बोलता मफलर काढून तिच्या हातांवर टाकला. काकांची मान पहिल्यांदाच दिसली, पण या वेळी थट्टा करायला कुणालाच सवड नव्हती. बोटभर मागे, मान आणखी खाली. जिवंत सेन्सरचा आकडा चढला आणि चढलेलाच राहिला.

"इथे," ती म्हणाली आणि मोटार बंद केली. "आता हिला कुणी हात लावायचा नाही."

"आता काय?"

"आता वाट बघायची. आणि शिव्या खायच्या."

अध्यक्षबाई सेक्रेटरींना घेऊन वेळेवर आल्या. स्वतः बागायतदार, हाताला माती लागलेली असली तरी न पुसता हात पुढे करणाऱ्या. ऑफिसात येऊन त्यांनी स्क्रीन पाहिली. एव्हाना पुढच्या रांगेतले ठिपकेही काळे पडायला लागले होते. त्या बघत असतानाच मधला आणखी एक विझला.

"हे आम्हाला दाखवायला बोलावलंत?" सेक्रेटरींनी विचारलं.

ताई पुढे व्हायच्या आत धाकटीने सगळं सांगितलं: हाक, अंदाज, गप्प कोपरा. वरच्या थराबद्दल ती बोलली नाही. ते ताईनेच सांगितलं, तेही मोठ्या आवाजात, जणू कुणी तिच्यावर आरोपच केला होता.

"म्हणजे आठवडाभर तुमचं मशीन थापा मारत होतं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हो. मीच शिकवल्या होत्या."

"आणि आज सकाळी कळलं."

"आज सकाळी."

सेक्रेटरी हसले. "बाई, तुम्ही विकायला आलाय की मोडीत काढायला? उद्या कळलं असतं तर बरं झालं असतं की तुमचं."

"माझं झालं असतं. तुम्ही पाच खोल्यांमध्ये थापा लावून घेतल्या असत्या."

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही. संध्याकाळ होईल."

"आणि ते जागेच झाले नाहीत तर?"

"तर मी चुकीच्या जागी अँटेना ठेवली असेल. मग दुसरी जागा शोधेन."

"आम्ही बसून राहायचं?"

"तुम्ही बाकीच्या खोल्या बघून या. मी इथेच आहे."

ताई त्यांना घेऊन गेली. बोळातून सेक्रेटरींचा आवाज येत राहिला. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. धाकटीने खुर्ची स्क्रीनसमोर ओढली. ठिपके विझत होते. एकेका ठिपक्यामागे तिने स्वतः हाताने जोडलेला सेन्सर होता. एकदा बोटं अँटेना हलवायच्या कळीकडे गेलीही. पुढच्या रांगेला चार घोट पाजून परत आणू, असा मोह झाला. तिने लॅपटॉप काकांच्या हातात दिला.

"हा तुमच्याकडे ठेवा. मी मागितला तरी देऊ नका."

"रडलात तरी?"

"रडले तर चहा द्या."

मंडळी परत आली तेव्हा स्क्रीनवर भिंतीलगतचा तो एकच ठिपका हिरवा उरला होता. अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं. सेक्रेटरींनी गाडीची किल्ली काढली. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यात एक ठिपका उमटला. त्याचा रंग लाल होता.

धाकटीने आकडा वाचला. खोलीत गारवा एक अंशाच्या आसपास असायला हवा होता. कोपरा साडेपाच सांगत होता.

"नुकता जागा झालाय, बरळतोय," गारठाकाका म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता.

थोड्या वेळाने दुसरा उठला. त्याचाही तोच सूर. तिसरा उठलाच नाही. तोवर ताईचा चेहरा उतरला होता.

"पंखे जोरात लावू," काका म्हणाले. "गार हवा मारू तिकडे."

"हवा तिथे पोचतच नाहीये, काका. लहरी अडल्या तिथेच हवाही अडलीय. वरच्या थराने छताखालची वाटच बुजवलीय. फळ आत गरम होतंय, श्वास टाकतंय, अजून गरम होतंय."

ताईने तिच्याकडे वळून विचारलं, "खात्री आहे तुझी? या तुझ्या यंत्राने आठवडाभर मला फसवलंय. आता त्याच्या शब्दावर मी दार उघडू?"

"तेव्हा यंत्र बोलत नव्हतं, डबा त्याच्या वतीने बोलत होता. आता दोघं स्वतःच्या तोंडाने सांगतायत, आणि दोघांचं जुळतंय. उघड."

"दार उघडलं की अट मोडली," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी ते दरडावून म्हटलं नाही. आठवण करून दिल्यासारखं म्हटलं. "मोसम संपेपर्यंत उघडावं लागू नये, असं ठरलंय. हे लक्षात आहे ना तुमच्या?"

"आहे."

"पुन्हा विचार करायचा असेल तर—"

"विचार झालाय. ताई, उघड."

ताईने एक क्षण बहिणीकडे पाहिलं आणि मग ती ताई राहिली नाही, शीतगृहाची मुख्य झाली. बोळ रिकामा करून घेतला. काकांना पंखे बाहेरच्या हवेवर टाकायला लावले. मीटरवर ऑक्सिजन माणसाला पुरेल इतका चढेपर्यंत कुणाला दाराच्या आसपास फिरकू दिलं नाही, अध्यक्षबाईंनाही नाही. मग दाराचे खटके एकेक करून सुटले आणि थंड, गोडसर वास बोळभर पसरला.

कोपऱ्यातला वरचा थर फोर्कलिफ्टने खाली उतरवला. त्याखालच्या खोक्यात हात घालून अध्यक्षबाईंनी एक फळ काढलं, दाबलं, खिशातल्या चाकूने कापलं. आत गाभ्याभोवती तपकिरी. आणखी एक कापलं: तसंच. मग त्यांनी शेजारच्या चळतीतलं काढलं. ते कडक होतं, पांढरंशुभ्र, कापताना आवाज करणारं. त्यांनी एक फोड खाल्ली, एक सेक्रेटरींना दिली. नको म्हणायचं सेक्रेटरींचं धाडस झालं नाही.

"एक कोपरा गेला," त्या म्हणाल्या. "महिनाभर असाच राहिला असता तर?"

"खोली गेली असती," ताई म्हणाली. "मी कितीदा पाहिलंय. दार उघडलं की वासच सांगतो." मग, कुणी विचारलं नसताना: "वरचा थर मी लावला होता."

"ते तुम्ही मघाशीच ओरडून सांगितलंत." अध्यक्षबाईंनी चाकू मिटला आणि धाकटीकडे वळल्या. "मी गोड बोलणार नाही. अट मोडली. पाच खोल्या मी तुम्हाला देऊ शकत नाही. दिल्या तर उद्या संघ माझी सालटी काढेल."

धाकटीने मान हलवली. हे ऐकायची तयारी तिने सकाळीच केली होती, तरी ते ऐकायला जड गेलं.

"एक खोली देते. पुढच्या मोसमात, पुन्हा पहिल्यापासून. तीच अट. दुसरी घ्या, तिसरी घ्या, सोपी बघून घ्या."

"हीच द्या."

"हीच? फळ नासलेली खोली? हिचं नाव निघालं की लोक बोटं मोडतील."

"मोडू देत. हिच्यात मी कुठे चुकले ते मला ठाऊक आहे. दुसरीत पहिल्यापासून शोधत बसावं लागेल."

अध्यक्षबाईंनी ताईकडे पाहिलं. ताईने हात वर केले. "माझ्याकडे बघू नका. मी तिला शाळेत असल्यापासून ओळखते."

पाहुणे गेले. चौथ्या खोलीतला चांगला माल बाजारात पाठवायची गडबड सुरू झाली. ताईचे दोन्ही फोन एकदम वाजत होते, आणि ती दोन्हींवर एकाच सुरात भांडत होती. मध्येच फोनवर हात ठेवून तिने बहिणीला विचारलं, "पुढच्या वर्षी थर लावायचाच नाही, असं म्हणशील आता?"

"थर लाव. भिंतीपासून हातभर आणि छतापासून दोन हात सोड. आणि लावायच्या आधी फोन कर."

"हमाल ओरडत असले तरी?"

"त्यांना फोन दे. मी बोलते त्यांच्याशी."

ताई हसली नाही, पण फोनवर परतताना तिचा आवाज जरा खाली आला होता.

धाकटी रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात एक खोकं उलटं टाकून बसली. मांडीवर लॅपटॉप. हाक मारेल त्याच्याकडे जायचं, हा नियम तिने खोडला. नवा नियम लिहिला: जो सगळ्यात जास्त वेळ गप्प आहे, त्याच्याकडे आधी जायचं; आणि त्याच्याकडून उत्तर येत नसेल तर स्क्रीनवर काहीही न भरता ती जागा काळी ठेवायची. दोनदा वाचून तिने तो डब्याला दिला. छताखाली अँटेना क्षणभर थांबली आणि मग तिच्या डोक्यावर, अजूनही न उठलेल्या तिसऱ्या सेन्सरकडे सरकू लागली. ती रुळाच्या टोकाशी येऊन अडली. टोक भिंतीपासून बरंच अलीकडे होतं.

"काका," तिने हाक मारली, "शिडी आणा. आणि टेप. रूळ भिंतीपर्यंत न्यायचाय."

"आत्ता?"

"आत्ता. दार उघडंच आहे तोवर."